झोक्याचा दोर

पेर्सिदाच्या उजव्या खांद्यानं तिचं ऐकणं केव्हाच सोडून दिलं होतं. सकाळी केस विंचरायला हात वर न्यावा तर तो अर्ध्यावरच अडायचा, भांड्यांच्या फळीवरची कढई काढायला शेजारणीला हाक मारावी लागायची. पण चाकाची मूठ हातात आली की तोच खांदा निमूट फिरायला लागायचा. नवरा गाव्रा दोर वळायचा आणि ती चाक फिरवायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा इतर सुनांना सासूकडून किल्ल्या मिळतात तशी हिला चाकाची मूठ मिळाली होती. तेव्हापासून फिरवतेच आहे. दमले असं म्हणायची या घरात पद्धत नव्हती, कारण बाई दमली की पीळ ढिला पडतो, आणि पीळ ढिला पडला की गाव्राचं तोंड सुटतं.

तोपोलिक गाव एके काळी वाखावरच जगत होतं. आता गावाबाहेरच्या जुन्या वाखाच्या कारखान्यात कलाकार मंडळी राहायला आली होती. कुणी माग टाकला होता, कुणी लेस विणत होतं, कुणी लोकर भिजवून, रगडून तिचे जाड नमदे करत होतं. स्वतःला ते ‘वसाहत’ म्हणवून घेत. पेर्सिदा त्यांना रंगीत माणसं म्हणायची, कारण त्यांच्या हातांना कधी निळा, कधी पिवळा रंग लागलेला असायचा. माणसं वाईट नव्हती. गाव्राचा एक भलामोठा फोटो त्यांनी दारातच लावला होता, कमरेला वाख गुंडाळलेला, मिशीत हसणारा. येणारे जाणारे त्या फोटोपुढे उभे राहून वा वा करत आणि दोर न घेता निघून जात. नायलॉनचा दोर कुठल्याही दुकानात मिळतो, मग खरखरीत वाखाचा कोण घेणार.

वर्षातून एकच दोर असा होता की ज्याची सगळं गाव वाट पाहायचं. जुर्जेवदानला, म्हणजे वसंतातल्या संत जॉर्जच्या सणाला, कारखान्याच्या अंगणातल्या ओक वृक्षाला झोका बांधत. त्या दिवशी लहानथोर सगळ्यांनी एकेकदा तरी झोका घ्यायचा, म्हणजे वर्षभर अंगात दुखणं शिरत नाही. दोर दरवर्षी नवा लागतो, आणि पहिला झोका दोर वळणाऱ्याचा. तो स्वतः बसून, पाय हवेत टाकून खाली उतरला की मग आयाबाया आपल्या पोरांना सोडत. गाव्राच्या आधी त्याचा बाप बसायचा, त्याच्या आधी आजा.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी इलोन्का आली. नमदे करणारी ती हीच, वसाहतीचा सगळा कारभार तीच बघायची. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, मनाने चांगली, पण कुठलीही गोष्ट सरळ न बोलता आडून आडून बोलायची सवय. हातात रुमालात बांधलेली ताजी पोगाचा होती. पेर्सिदानं मनात म्हटलं, भाकरी घेऊन आली म्हणजे काहीतरी मागायला आलीय.

“गाव्राकाका कुठंयत?”

“मागं. वाख विंचरतोय.”

“कसे आहेत?”

“कसे म्हणजे? तुझ्यामाझ्यासारखे.”

इलोन्का ओट्यावर टेकली. पोगाचा मोडून एक तुकडा स्वतःच खाल्ला. “मावशी, रागावू नका हं. परवा काका पावाच्या दुकानात गेले आणि तिथंच उभे राहिले. दुकानदारीण म्हणाली, पाव हवाय की काय हेच त्यांना आठवेना. पोस्टमननं हात धरून घरी आणलं म्हणे.”

“पोस्टमनला दुसरं काम नसतं.”

“नसेलही. पण वसाहतीत विषय निघाला. झोका म्हणजे पोरं बसणार. यंदा आपला दुकानातला दोर आणावा, आणि काकांनी फक्त फुलांची माळ बांधावी, पहिला झोका त्यांचाच, मान त्यांचाच, असं...”

“म्हणजे घोड्याला घरात बांधायचं आणि लगाम तेवढा मिरवणुकीत न्यायचा,” पेर्सिदा म्हणाली.

इलोन्का हसली, पण जागची हलली नाही. “मी आपलं विचारलं. तुम्ही चाकावर असता. तुम्ही दोर चांगला आहे म्हणालात की माझा विश्वास. मग कुणाला बोलायला जागाच नाही.”

हे मात्र तिनं अगदी सरळ सांगितलं, आणि म्हणूनच पेर्सिदाला ते झोंबलं. कधी नाही ते तिच्या शब्दाला कुणी किंमत देत होतं, तीही नेमकी आत्ता. “दोर संध्याकाळी घेऊन जा,” ती म्हणाली. “आणि पोगाचात मीठ कमी पडलंय.”

गाव्रा मागच्या पडवीत लोखंडी दातांच्या फणीवर वाखाची जुडी आपटून ओढत होता. आपट, ओढ, झटक. त्या कामात तो अजून पूर्वीचाच होता. हात विसरत नव्हते. दुकानात उभं राहून पाव विसरणारा माणूस आणि हा, दोघं एकच आहेत यावर कुणाचा विश्वास बसला नसता. विंचरलेला वाख त्यानं कमरेभोवती गुंडाळला, पोट सुटलेल्या पाद्र्यासारखा दिसायला लागला, आणि म्हणाला, “चल. उगाच गप्पा मारत बसतेस.”

घरामागून सरळ शेतापर्यंत तुतीच्या झाडांची रांग होती आणि झाडांखालून दोर वळायची वाट. वाटेच्या या टोकाला चाक. गाव्रानं कमरेच्या वाखातून चार तंतू ओढून चाकाच्या आकड्यात अडकवले, पेर्सिदानं मूठ फिरवली, आणि तो मागं मागं चालायला लागला. दोर वळणाऱ्याचं तोंड नेहमी चाकाकडे आणि पाठ वाटेकडे. आयुष्यभर उलटं चालायचं. दोन्ही हातांनी वाख सोडत जायचा, आणि पाठीमागं काय आहे ते मानेवरच्या उन्हासावलीनं ओळखायचं. तुतीची सावली आली, गेली, पुन्हा आली. तेवढ्यावर गाव्राला वाटेवरचं प्रत्येक पाऊल कळत असे.

यंदाच्या हिवाळ्यात वाऱ्यानं मधली एक तुती पडली होती.

पहिलंच सूत वळताना तो तिथं पोचला आणि थबकला. जिथं मानेवर सावली यायची तिथं लख्ख ऊन होतं. गाव्रा त्या उन्हात उभा राहिला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, जणू कुणी त्याला परक्या गावी मध्यरस्त्यात सोडून गेलं होतं. हात मात्र सवयीनं थोडं थोडं सोडत होते, फार थोडं. चाकाची मूठ पेर्सिदाच्या हातात एकदम हलकी झाली. आकड्याकडे वाख कमी यायला लागला की तसं होतं.

“गाव्रा,” तिनं हाक मारली. “विरळ पडतंय.”

तो दचकून भानावर आला आणि मग भडकलाच. “कुठं विरळ? तू शिकव आता मला. माझ्या बापानं वळलेले दोर अजून डॅन्यूबवर पडाव ओढतायत.”

“पडाव गेले भंगारात. मी म्हणते तिथं विरळ पडलंय.”

त्यानं सूत चाचपलं, पुटपुटला, तोडून टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी ती आधीच बोलत राहिली, थोडं पुढं, चल चल, थांबू नकोस, म्हणून तो कसाबसा त्या उन्हातून पार झाला. पण त्यानं चाकाजवळ येऊन तिला बजावलं. “अशी कोकलत राहिलीस तर मी काम करणार नाही. शेजारी ऐकतात. मी काय आंधळा आहे?”

त्याचे ओठ थरथरत होते. रागानं की भीतीनं ते तिला कळत होतं, आणि कळतंय हे त्याला दिसू नये म्हणून तिनं मान खाली घातली.

मग ती गप्प झाली.

सूत वळून झालं की खुंट्यांवर ताणून ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. एका दोराला अशी पुष्कळ सुतं लागतात. दर खेपेला गाव्रा त्या पडलेल्या झाडापाशी पोचायचा, उन्हात उभा राहायचा, हात सवयीनं हलत राहायचे आणि मूठ हलकी व्हायची. दर खेपेला ठरवून ठेवल्यासारखं त्याच जागी. पेर्सिदाला सगळं कळत होतं. एखादं सूत कुठं विरळ झालं तर काही बिघडत नाही, बाकीची सांभाळून घेतात. पण सगळी एकाच ठिकाणी विरळ झाली तर तिथं सांभाळायला उरतं कोण, हेही तिला ठाऊक होतं. हाक मारायला तोंड उघडायची आणि मिटायची. उन्हं चढली होती. खांद्यात सुऱ्या खुपसल्यासारखं होत होतं. आणि एक गोष्ट ती कुणाला, देवालाही सांगणार नव्हती. मूठ हलकी झाली की तिच्या खांद्याला बरं वाटायचं. तेवढे चार क्षण कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखं वाटायचं. सकाळपासून ती त्या चार क्षणांचीच वाट बघायला लागली होती.

दुपारी सुतं एकत्र पिळून पदर वळले आणि मग तीन पदरांचा दोर. पदरांना एकमेकांवर पीळ बसला, विरळ सुतं आत गेली, बाहेरून दोर असा गुळगुळीत आणि गोल दिसत होता की बघत राहावं. गाव्रानं ओल्या फडक्यानं तो पुसला. खूश होता. “बघ,” तो म्हणाला, “उगाच कटकट करत होतीस.”

संध्याकाळी इलोन्का सायकलवर आली. दोर हातात घेऊन तिनं पेर्सिदाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, विचारलं काहीच नाही.

“चांगला आहे,” पेर्सिदा म्हणाली.

तिला अंथरुणावर पडायचं होतं. जगात दुसरं काहीही नको होतं. इलोन्का दोर खांद्यावर टाकून गेली, आणि पेर्सिदा सूप गरम न करताच निजली.

जुर्जेवदानची सकाळ स्वच्छ होती. पोरींनी डोक्यात रानफुलांच्या माळा घातल्या होत्या, कारखान्याच्या अंगणात कोकरू भाजायला लावलं होतं, लेस विणणाऱ्या बाईनं टेबलं मांडून तुतीच्या रकियाच्या, घरच्या कडक दारूच्या, बाटल्या काढल्या होत्या. ओकच्या आडव्या फांदीवरून दोर टाकला होता आणि खाली फळी बसवली होती. दोराला फांदीपर्यंत विलोच्या डहाळ्या बांधल्या होत्या. झाडाभोवती पोरांची झुंबड होती आणि आया त्यांना दंडाला धरून मागं खेचत होत्या. आधी गाव्राकाका, मग तू, असं जी ती आपल्या पोराला सांगत होती.

पेर्सिदा बाकावर बसली. झोप झाली होती. थकवा उतरला की माणसाला भीती वाटायला सवड मिळते, तशी तिला ती सकाळपासूनच वाटत होती. ती स्वतःशी हिशेब घालत होती. दोर जाड आहे. वर फांदीला दोन वेढे आहेत. विरळ भाग कदाचित त्या वेढ्यांत गेला असेल. कदाचित गाठीत. मग तिनं डहाळ्यांमधून दोर नजरेनं मोजला. विरळ भाग फळीच्या वर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आला होता.

गाव्रानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. लोक वाट करून देत होते, पाठीवर थाप मारत होते, आणि तो सगळ्यांना मान लववत पुढं चालला होता. आज सरळ चालत होता, तोंड पुढं करून. त्याच्या मागं इलोन्काची नात होती, फुलांच्या माळेत, दुसरा नंबर तिचा. त्यानं फळीला हात लावला.

“बसू नकोस,” पेर्सिदा म्हणाली.

आवाज मोठा निघाला नव्हता तरी माणसं गप्प झाली. ती उठून पुढं गेली आणि तिनं दोर धरला.

“हा दोर खराब आहे. मधे विरळ झालाय. पोरांना बाजूला घ्या.”

इलोन्का जवळ आली. “मावशी, काल तर तुम्हीच...”

“काल खोटं बोलले. माझ्या हातून झालंय. दोष माझा.”

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, दुकानातला आणलाय तो गाडीतच आहे. म्हणजे आणून ठेवला होताच. पेर्सिदानं गाव्राकडे पाहिलं नाही. आता तो भडकणार, सगळ्या गावासमोर, आणि भडकू दे, असं म्हणून तिनं खांदे आवळून घेतले.

गाव्रा भडकला नाही. त्यानं डहाळ्या बाजूला सारल्या, दोर मुठीत धरला आणि मूठ सावकाश खाली सरकवली. एका जागी बोटं थांबली. अंगठ्यानं त्यानं पीळ उलटा फिरवला, पदर सुटे झाले, आतली सुतं उघडी पडली. केसांसारखी बारीक, सगळीच्या सगळी. त्याचा चेहरा पेर्सिदाला कित्येक महिन्यांत इतका जागा दिसला नव्हता. जिनं त्याच्यासोबत सगळा जन्म चाकावर काढला तिला तो चेहरा ओळखीचा होता. दुसऱ्याच्या कामातला दोष काढताना त्याचा चेहरा असाच व्हायचा.

“कुणाचा दोर हा?” त्यानं विचारलं.

एकदोघं हसले, त्यांना वाटलं म्हातारा बायकोला टोमणा मारतोय. पेर्सिदाला कळलं की हा टोमणा नाही. कालचा दिवस, वाट, ऊन, कमरेचा वाख, सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, आणि तो खरोखर विचारत होता. गाव बघत होतं.

“माझा,” ती म्हणाली. “मी वळला.”

“तू? मागं चालून?”

“हो.”

त्यानं पुन्हा दोर चाचपला, वर, खाली. “बाकीचा वाईट नाही,” तो म्हणाला, नवशिक्याला सांगावं तसं. “हात चांगलाय तुझा. इथंच घसरलीस, सगळी सुतं इथंच. चाकावर कोण होतं?”

त्यानं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं, वाट बघत.

“तू होतास,” ती म्हणाली.

गाव्रा विचारात पडला. अंगणात कोकराची चरबी निखाऱ्यात पडल्याचा आवाज येत होता. तो त्या बारीक सुतांकडे पाहत उभा राहिला, आणि मग त्यानं टोपी काढली. टोपी तो फक्त चर्चमध्ये काढायचा.

“मग तुझा कसला दोष,” तो म्हणाला. “मागं चालणाऱ्याला नाही कळत. वाख कमी झाला की मूठ हलकी होते, चाकावरच्याला आधी कळतं. मला कळलंच असणार. एकदा नाही, दर सुताला कळलं असणार.” तो थांबला. “कळून मी गप्प बसलो. का बसलो असेन गं?”

इलोन्का पेर्सिदाकडे बघत होती. ती काहीतरी समजली असावी, कारण तिनं हळूच नजर दुसरीकडे वळवली.

“दमला असशील,” पेर्सिदा म्हणाली. “खांदा दुखत असेल. दमतं रे माणूस.”

“दमतं,” गाव्रा म्हणाला. “पण दमलं म्हणून गप्प बसायचं नसतं. यावर पोरं बसतात, पेर्सा.”

त्यात राग नव्हता. तो स्वतःलाच बोलत होता, मान हलवत, खऱ्या शरमेनं, आणि त्याच्या बोलण्यातला एकही शब्द त्याचा नव्हता. सगळे तिच्या वाट्याचे होते. गाव्रानं टोपी खिशात कोंबली, एका बाजूची गाठ सोडायला घेतली, आणि ती दोराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन, दुखऱ्या हातानं जमेल तशी, तिकडची गाठ सोडायला लागली.